शाळेच्या फाटकाबाहेरचा धडा

मुंबईत देवनार येथे असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ साली देशभरातील तेरा ते पंधरा वर्षे वयाच्या शाळकरी मुलामुलींची तंबाखूविषयक पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा साऱ्यांचे लक्ष एका आकड्याकडे गेले. या वयाच्या विद्यार्थ्यांपैकी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करणाऱ्यांचे प्रमाण साडेआठ टक्के आढळले होते. २००९ च्या पाहणीत ते १४.६ टक्के होते. घट मोठी आहे आणि तिच्याबद्दल समाधान मानण्यात काही वावगे नाही. पाकिटांवरील भीषण चित्रे, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास झालेली बंदी, वेळोवेळी वाढलेले कर या सर्वांचा तिच्यात वाटा असणार.

त्याच अहवालातील दुसऱ्या एका आकड्याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. ज्या विद्यार्थ्यांनी सिगारेट ओढली होती त्यांच्यापैकी ३८ टक्क्यांनी, विडी ओढणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांनी आणि धूरविरहित तंबाखू सेवन करणाऱ्यांपैकी तर ५२ टक्क्यांनी तिचा पहिला अनुभव वयाची दहा वर्षे पुरी होण्याच्या आतच घेतला होता. दहा वर्षांचे मूल आपल्याकडे चौथी-पाचवीत असते. व्यसनांचा विषय शालेय अभ्यासक्रमात कोठे येतो हे शिक्षकवर्गाला सांगावयास नको. तो यथासांग येतो तो माध्यमिक शाळेत, आणि परीक्षेत एखाद्या टिपेपुरता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२० मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली शालेय आरोग्याचा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना आरोग्यदूत म्हणून तयार करण्याची त्यातील कल्पना चांगली आहे. पण त्याचाही आरंभ सहावीपासून करण्याचे ठरले. ज्या वयात लागण होते ते वय उलटून गेल्यावर लस टोचण्यातला हा प्रकार आहे.

जागतिक तंबाखूविरोधी दिनाचीही गंमत अशीच. ३१ मे ही त्याची तारीख. त्या दिवशी महाराष्ट्रातील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी असते. प्रभातफेऱ्या निघायच्या तर मुले गोळा करून आणावी लागतात, आणि शपथ द्यायची तर ती बहुधा शिक्षकांनी एकमेकांनाच द्यावयाची. पुढे जून-जुलैमध्ये सवडीने एखादी भित्तिपत्रकांची स्पर्धा होते. तीत रंगविलेल्या चित्रांत नेहमी एक जळती सिगारेट, एक कवटी आणि काळवंडलेली फुप्फुसे असतात. चित्रे चांगली असतात. परंतु ती काढणाऱ्या मुलाच्या घरात सिगारेट कोणी ओढीत नाही. तेथे तंबाखूचे रूप निराळे असते आणि त्याचे चित्र कोणी काढावयास सांगत नाही. या मुद्द्याकडे पुढे यावेच लागेल.

धोका कळला की माणूस सावध होतो, या समजुतीवर ही सारी शपथ-भित्तिपत्रकांची व्यवस्था उभी आहे, आणि ती समजूत अगदी निराधार आहे असेही नाही. लंडनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघांनी १९५० साली धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला, आणि पुढल्याच वर्षी त्यांनी ब्रिटनमधील डॉक्टरांच्याच सवयींचा व मृत्यूंचा दीर्घकाळ मागोवा घेण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षांत त्या डॉक्टरांपैकी अनेकांनी सिगारेट सोडली. सत्य समजले आणि वर्तन बदलले, याचे याहून चांगले उदाहरण कोणते? पण ही माणसे शिकलेली होती, प्रौढ होती आणि फुप्फुसाचे रोगी रोज डोळ्यांनी पाहत होती. आठ वर्षांच्या मुलाला चाळीस वर्षांनी होणाऱ्या रोगाची भीती घालणे ही निराळी गोष्ट आहे. त्याच्या दृष्टीने चाळीस वर्षे म्हणजे कधीच न येणारा काळ. अमेरिकेतील शाळांनी १९६० च्या व ७० च्या दशकात भीती आणि माहिती यांचाच मारा करून पाहिला. मुलांची माहिती वाढली, ओढणे फारसे कमी झाले नाही.

त्यानंतर संशोधकांनी दिशा बदलली. ह्यूस्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रिचर्ड इव्हान्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात असे सुचविले, की मूल सिगारेट ओढते ते अज्ञानामुळे नव्हे, तर मित्र, थोरली भावंडे आणि जाहिराती यांच्या दडपणामुळे. तेव्हा त्याला रोगांची यादी न शिकविता हे दडपण ओळखण्यास आणि ‘नको’ म्हणण्यास शिकवावे. विचार पटण्याजोगा होता आणि पुढील पंचवीस वर्षे जगभरच्या शाळांतील कार्यक्रम याच पायावर रचले गेले. आपल्याकडे ‘जीवनकौशल्ये’ या नावाने जे काही वर्गात चालते त्याची एक मुळी येथपर्यंत जाते.

या कल्पनेची सर्वांत कसोशीची परीक्षा अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात झाली, आणि तिची हकिगत प्रत्येक शिक्षकाने माहीत करून घ्यावी अशी आहे. सिॲटल येथील फ्रेड हचिन्सन कर्करोग संशोधन केंद्रातील आर्थर पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये राज्यातील चाळीस शालेय विभाग निवडले. कोणत्या विभागात कार्यक्रम राबवावयाचा आणि कोणत्या विभागात नाही, हे संशोधकांच्या मर्जीवर न ठेवता चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरविण्यात आले. तिसरीतील ८,३८८ मुले त्यात होती. निवडलेल्या विभागांत तिसरीपासून दहावीपर्यंत दरवर्षी प्रशिक्षित शिक्षकांनी ठरलेले पाठ दिले. जाहिरात कशी भुलवते, मित्राचा आग्रह कसा मोडावा, सारेच धूम्रपान करतात ही समजूत कशी खोटी आहे, असे सारे काही त्यात होते. मुले बारावी होऊन शाळेबाहेर पडली. त्यानंतरही दोन वर्षे थांबून संशोधकांनी त्यांना हुडकून काढले. पंधरा वर्षांनंतर मूळच्या मुलांपैकी ९४ टक्के मुलांपर्यंत ते पोहोचले, ही एक गोष्टच थक्क करणारी आहे. निष्कर्ष डिसेंबर २००० मध्ये जाहीर झाला. पाठ घेतलेली मुले आणि न घेतलेली मुले यांच्यात काहीही फरक नव्हता. दोन्हीकडे सुमारे चौथा हिस्सा मुले-मुली रोज सिगारेट ओढत होती.

अशा निष्कर्षाने कार्यक्रमाचे पुरस्कर्ते चिडले नसते तरच नवल. कोणी म्हणाले, पाठ कमी पडले. कोणी म्हणाले, ते आणखी दोन वर्षे चालू ठेवावयास हवे होते. परंतु संशोधनाची मांडणी इतकी काटेकोर होती, की तिच्यातून पळवाट काढणे सोपे नव्हते. आपण पंधरा वर्षे केलेल्या कामाचा उपयोग झाला नाही असे स्वच्छ शब्दांत प्रसिद्ध करण्यास जे धैर्य लागते तेही नोंदविण्याजोगे आहे. आपल्याकडे उपक्रमांचे अहवाल ‘उत्स्फूर्त प्रतिसाद’ या शब्दांवाचून संपत नाहीत.

पण तेवढ्यावरून शाळेत आरोग्यशिक्षण देणे व्यर्थ आहे असा निर्णय करणे घाईचे होईल. ही मुले वर्गात शिकत होती त्याच वर्षांत वर्गाबाहेर काय चालले होते हे पाहिले पाहिजे. १९८८ पासून अमेरिकेत ‘कॅमल’ सिगारेटच्या जाहिरातीत गॉगल लावलेला एक हास्यचित्रातला उंट झळकू लागला. १९९१ मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक छोटासा अभ्यास आला. तीन ते सहा वर्षे वयाच्या २२९ मुलांना काही बोधचिन्हे आणि वस्तूंची चित्रे देऊन जोड्या लावावयास सांगितले होते. सहा वर्षांच्या मुलांपैकी ९१ टक्क्यांनी उंटाची जोडी सिगारेटशी बरोबर लावली. मिकी माउसच्या बोधचिन्हाच्या बाबतीतही त्यांचे यश साधारण तेवढेच होते. तीन वर्षांच्या, अजून अक्षरओळखही नसलेल्या मुलांपैकी ३० टक्क्यांना सिगारेटचा उंट कळत होता. बालशिक्षणाचे एवढे यशस्वी वर्ग कोणत्या सरकारने चालविले असतील? वॉशिंग्टन राज्यातील शिक्षक वर्षातून काही तास बोलत होता आणि उंट वर्षभर बोलत होता. तो उंट १९९७ मध्ये मागे घेण्यात आला, आणि १९९८ मध्ये राज्य सरकारे व सिगारेट कंपन्या यांच्यातील मोठ्या तडजोडीने जाहिरातींतील हास्यचित्रांवरच बंदी आली.

नंतरची आकडेवारी बोलकी आहे. १९९७ मध्ये अमेरिकेतील बारावीच्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांनी मागील तीस दिवसांत सिगारेट ओढली होती. २०२३ पर्यंत हे प्रमाण तीन टक्क्यांच्या खाली आले. या काळात वर्गातील पाठांत काही विलक्षण क्रांती झाली नव्हती. सिगारेट महाग झाली, ती विकत मिळणे अवघड झाले, जाहिरात आटली, उपाहारगृहांतून धूर हद्दपार झाला. आणि मुलांच्या डोळ्यांसमोर ओढणाऱ्या मोठ्या माणसांची संख्याच घटली. याची उलट बाजूही त्याच देशात दिसली. फळांच्या स्वादाची ई-सिगारेट बाजारात मोकाट सुटली तेव्हा २०१९ मध्ये माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांतील २७ टक्क्यांहून अधिक मुले ती वापरताना आढळली. शाळा त्याच होत्या, शिक्षकही तेच होते. भारताने त्याच वर्षी ई-सिगारेटवर बंदी घातली हे योग्य झाले.

वर्गातील शिक्षणाला बाहेरच्या जगाची साथ मिळाली तर काय होते, याचेही पुरावे आहेत. मिनेसोटा भागात १९८० च्या दशकात हृदयरोग टाळण्याची एक गावव्यापी मोहीम चालू होती. तिच्या जोडीला चेरिल पेरी यांनी शाळांतून धूम्रपानविरोधी पाठ दिले. बारावीच्या अखेरीस त्या गावांतील मुलांमध्ये धूम्रपान करणारे सुमारे १५ टक्के, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत २४ टक्के होते. याच पेरीबाई पुढे दिल्लीच्या डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या चमूबरोबर भारतात आल्या. दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत त्यांनी जे काम केले त्याचा पहिलाच निष्कर्ष २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि तो धक्का देणारा होता. ११,६४२ विद्यार्थ्यांत सहावीतील २४.८ टक्क्यांनी तंबाखूचे सेवन कधी ना कधी केल्याचे सांगितले, तर आठवीतील केवळ ९.३ टक्क्यांनी. वय वाढेल तसे व्यसन वाढावे हा सर्वत्रचा अनुभव; येथे उलटे होते. मोठी मुले लपवाछपवी करण्यात अधिक तरबेज असतात, ही शंका रास्त आहे. परंतु तिने सारा फरक भरून निघत नाही. नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा लवकर तंबाखूकडे वळत असावी, हा संशोधकांचा अंदाज होता आणि २०१९ च्या पाहणीतील दहा वर्षांखालील मुलांचे आकडे त्या अंदाजाशी विसंगत नाहीत.

त्या शाळांपैकी निम्म्या शाळांत दोन वर्षे कार्यक्रम झाला. वर्गातले खेळ मुलांनीच निवडलेले नेते घेत होते. घरी पालकांना पत्रे जात होती. शाळेत फलक लागत होते. आणि मुले आपल्या परिसरात तंबाखूविरुद्ध बोलत होती. दोन वर्षांच्या अखेरीस कार्यक्रम नसलेल्या शाळांत तंबाखूचे सेवन ६८ टक्क्यांनी वाढले, कार्यक्रमाच्या शाळांत ते १७ टक्क्यांनी घटले. मुंबईतील महापालिका शाळांत सलाम बॉम्बे फाउंडेशनने जे काम केले त्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले मूल्यमापनही याच दिशेचे आहे: आठवी-नववीत मागील महिन्यात तंबाखू वापरणारे तेथे ४.१ टक्के आणि इतर शाळांत ८.७ टक्के. या शाळा चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नव्हत्या, तेव्हा या फरकातील सारे श्रेय कार्यक्रमाला देता येणार नाही. दिल्लीचा प्रयोगही दोनच वर्षांचा, आणि वॉशिंग्टनचा अनुभव पाहता पंधरा वर्षांनी काय राहील हे विचारलेच पाहिजे. तरीही यशाच्या या तिन्ही कहाण्यांत एक गोष्ट समान आहे. त्यांतील कोणतीही केवळ वर्गाच्या चार भिंतींत घडलेली नाही.

आता महाराष्ट्राकडे यावे. येथल्या मुलाच्या अवतीभवती कोणती तंबाखू असते? २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे जेमतेम ३.८ टक्के आहेत. धूरविरहित तंबाखूचे सेवन करणारे २४.४ टक्के. म्हणजे ज्या राज्यात तंबाखू मुख्यतः मळली जाते, चघळली जाते आणि दातांना लावली जाते, त्या राज्याच्या शाळांतील भित्तिपत्रकांवर सिगारेट जळते आहे! हे ज्ञान नवे आहे असेही नाही. परळच्या कर्करोग संशोधन केंद्रातील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी एल. डी. संघवी व के. सी. एम. राव यांच्यासह तंबाखू ओढणे आणि चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध १९५५ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला होता. डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासून १९७२ मध्ये अहवाल दिला. एवढी मोठी पायपीट जगात फार थोड्या ठिकाणी झाली असेल. तिच्यातून निघालेले ज्ञान इंग्रजी नियतकालिकांत पोहोचले. प्राथमिक शाळेच्या फळ्यावर ते अजून पुरते उतरलेले नाही.

मशेरीचेच पाहा. तव्यावर तंबाखूची पाने करपेपर्यंत भाजायची, कुस्करून पूड करायची आणि सकाळ-संध्याकाळ ती बोटाने दातांवर घासायची. घरातली आजी, आई, काकू हे करतात. त्यांच्या लेखी ते व्यसन नव्हेच, ते दात घासणे आहे. मशेरी लावली नाही तर डोके उठते, पोट साफ होत नाही, ही त्यांची तक्रार खरी असते, कारण निकोटिनची सवय अशीच बोलते. तीन-चार वर्षांचे मूल शेजारी बसून हे रोज बघते. ‘दात स्वच्छ ठेवावेत’ हा आरोग्याचा पहिला धडा त्याला अंगणवाडीत मिळतो खरा, पण तो कशाने पाळायचा हे त्याने त्याआधीच घरात शिकलेले असते. दंतमंजनात व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास केंद्र सरकारने १९९२ मध्ये बंदी केली. घरच्या तव्यावर अर्थातच बंदी घालता येत नाही आणि घालूही नये.

या शिक्षणाचा आरंभ खरे तर मुलाच्या जन्माआधी करावा लागतो. प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या सुब्रमोनी यांनी मुंबईतील १,२१७ गरोदर स्त्रियांची पाहणी करून २००४ मध्ये दाखवून दिले, की धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे जन्मवजन सरासरीने १०५ ग्रॅमने कमी भरते. या स्त्रियांची तंबाखू बव्हंशी मशेरीच्या रूपातली होती. कुपोषणाच्या चर्चेत आपल्याकडे डाळ, अंडी, लोह यांचा हिशेब होतो. मशेरीच्या डबीचा क्वचितच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी सेविका ही गरोदर माता आणि तीन ते सहा वर्षांचे मूल या दोघांशी रोजचा संबंध असलेली एकमेव शासकीय व्यक्ती आहे. तिच्या डोक्यावर आधीच नोंदवह्या, मोबाइलमधील माहिती, पोषण आहार आणि निवडणुकीची कामे यांचे ओझे आहे, तेव्हा तिला आणखी एक ‘अभियान’ देणे क्रूरपणाचे ठरेल. पण दात कशाने घासावेत हे तिने मुलाला आणि त्याच्या आईला एकाच बैठकीत सांगणे, हे अभियान नव्हे. ते तिच्या नेहमीच्या कामाचाच भाग होऊ शकते.

एवढ्या लहान मुलांना तंबाखूविषयी सांगितल्याने उलट कुतूहलच वाढेल, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप प्रामाणिक आहे. पाच वर्षांच्या मुलाला कर्करोगाने कुरतडलेला जबडा दाखवू नये, हे कोणीही मान्य करील. पण त्या मुलाला तंबाखूची ओळख शाळा करून देणार नसते. ती झालेलीच असते. वडिलांनी ‘जा, एक पुडी घेऊन ये’ म्हणून टपरीवर पिटाळलेले मूल पुडीचे रंग आणि किंमत दोन्ही जाणते. शाळेने त्याला एवढेच शिकवावयाचे, की ही वस्तू आणावयास नकार दिला तरी ते उद्धट ठरत नाही. आणि हे त्याच्या वडिलांनाही कळवावयाचे, कारण ज्या घरात नकार दिल्याबद्दल मार बसतो तेथे ‘नको म्हणण्याचे कौशल्य’ हा पाठ म्हणजे मुलाची थट्टाच होय.

आणखी एक अडचण अशी, की तिचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. सोलापुरात, सिन्नरला, विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत हजारो घरांची चूल विड्या वळून पेटते. सोलापुरातील पद्मशाली समाजाच्या स्त्रिया पाने व तंबाखू घरी आणतात आणि मुले शाळेतून आल्यावर त्याच पसाऱ्यात अभ्यासाला बसतात. तेथील शिक्षकाने ‘तंबाखू हे विष आहे’ असे फळ्यावर लिहिले, तर पुढच्या बाकावरील मुलीला त्याचा अर्थ ‘तुझी आई विष विकते’ असा लागेल. या मुलीला तिच्या आईच्या कष्टांची लाज न वाटू देता तंबाखूपासून दूर कसे ठेवावे, याचे उत्तर कोणत्याही परदेशी प्रयोगात सापडणार नाही. ते सोलापूरच्याच शिक्षकाला शोधावे लागेल. सरकारला मात्र या मजुरांसाठी दुसऱ्या कामाची सोय करण्यापेक्षा विडी स्वस्त ठेवणे सोयीचे वाटते. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कर परिषदेने विडीवरील कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणण्याचे ठरविले. कारण मजुरांच्या हिताचे सांगितले गेले. खाऊच्या पैशांत परवडेल अशी विडी राहिली, हा त्याचा दुसरा अर्थ.

मग शिक्षकांचे काय? मूल सर्वांत बारकाईने वाचते ते पुस्तक म्हणजे समोर उभा असलेला गुरुजी. मधल्या सुट्टीत गुरुजींच्या खिशातून निघणारी डबी, डाव्या तळव्यावर चुना घेऊन उजव्या अंगठ्याने मळण्याची ती लकब, मुले हुबेहूब उतरवून दाखवितात. या बाबतीत बिहारमध्ये झालेले एक काम मुद्दाम सांगण्याजोगे आहे. तेथील ७२ सरकारी शाळांत अमेरिकेतील ग्लोरियन सोरेन्सन आणि मुंबईचे प्रकाश गुप्ता यांच्या चमूने शिक्षकांसाठीच कार्यक्रम आखला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. शिक्षकांना दटावण्यात आले नाही, त्यांची वेतनवाढ रोखण्याची भाषा झाली नाही. प्रत्येक शाळेतील एका सहकाऱ्याला तयार करून दरमहा चर्चा ठेवल्या, सोडू इच्छिणाऱ्यांना आधार दिला, शाळेचे तंबाखूविषयक धोरण सर्वांनी मिळून ठरविले. कार्यक्रम संपताच तपासले तेव्हा त्या शाळांतील तंबाखू वापरणाऱ्या शिक्षकांपैकी निम्म्यांनी महिनाभर ती बंद ठेवली होती; इतर शाळांत असे १५ टक्के होते. नऊ महिन्यांनी पुन्हा पाहिले, तेव्हा सहा महिने तंबाखूपासून दूर राहिलेले १९ टक्के उरले होते, तुलनेच्या शाळांत ७ टक्के. घसरण बरीच झाली, हे उघड आहे. तंबाखू सोडणे किती कठीण असते तेही त्यावरून कळते. पण इतक्या अल्प खर्चात, तंबाखूचा घरोघरी प्रचार असलेल्या राज्यात, पाचातला एक शिक्षक सुटला, ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. महाराष्ट्रात शिक्षकांना परिपत्रके पुष्कळ मिळतात. सवय सोडविण्यास मदत करणारा माणूस तालुक्याच्या ठिकाणी कोठे बसतो, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही.

राहता राहिला कायदा. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास मनाई केली. या गुन्ह्याचा दंड दोनशे रुपयांपर्यंत. २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला. पहिली शिक्षा टपरीवाल्याच्या एका सकाळच्या गल्ल्यातून भागते. दुसरी इतकी जबर आहे, की एका पुडीपायी ती मागण्यास पोलीसही कचरतात. महाराष्ट्राने जुलै २०१२ मध्ये गुटख्यावर आणि सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली. शाळकरी मुलाची खरेदी सुटीच असते, म्हणून हा दुसरा निर्णय फार महत्त्वाचा होता. आज कोणत्याही टपरीपुढे पाच मिनिटे उभे राहिले तर त्याचे काय झाले ते दिसते. २०१९ च्या पाहणीत सिगारेट ओढणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी ६९ टक्क्यांनी आणि विडी ओढणाऱ्यांपैकी ७८ टक्क्यांनी ती दुकानातून वा फेरीवाल्याकडून विकत घेतल्याचे सांगितले होते.

केंद्राच्या तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्थांच्या नियमावलीप्रमाणे शाळेने फलक लावावा, तंबाखू नियंत्रक नेमावा, शंभर यार्डांची रेषा आखावी. रेषा मुख्याध्यापक आखतील. पण तिच्या आत असलेली टपरी उठविण्याचा अधिकार त्यांना नाही. तो आहे नगरपालिकेकडे आणि पोलिसांकडे. टपरीवाला पुष्कळदा शाळेतल्याच एखाद्या मुलाचा बाप असतो, किंवा शाळा व्यवस्थापन समितीतील कोणाचा तरी नातलग. त्याचेही पोट त्यावर आहे. त्याला शंभर यार्डांपलीकडे दुसरी जागा देणे, अगर त्याच जागेवर वह्या, पेन्सिली आणि खाऊ विकण्याचा परवाना देणे, ही कामे नगरपालिकेच्या आवाक्यातली आहेत आणि त्यांना फार पैसाही लागत नाही. ती होत नाहीत, कारण तंबाखूमुक्त शाळेचा अहवाल मुख्याध्यापकांकडून मागितला जातो, नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्याकडून नाही.

आज तिसरीत असलेले मूल पाच वर्षांनी तेरा ते पंधरा या वयोगटात येईल आणि पुढील एखाद्या पाहणीत त्याला विचारले जाईल, की तंबाखूची चव तू प्रथम केव्हा घेतलीस. वॉशिंग्टन राज्यातील ती ८,३८८ मुलेही प्रयोगाच्या आरंभी तिसरीतच होती.